लेकीचा एक दात जबड्यात नाहीच, सुळा टाळूकडे वळलाय, शिवाय बाइटपण (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणं) चुकलेली. हे सगळं एकातूनच आलंय का?

मुलुंडकर_आई

नमस्कार. आधीच सांगते, मोठं होणारे, डोक्यात नुसता गोंधळ आहे. लेक साडेअकराची. वरचे मधले दोन दात नीट आलेत, त्यांच्या बाजूचा डावीकडचा आलाय पण अगदी तांदळाच्या दाण्यासारखा, टोकाला निमुळता, आणि उजवीकडे अजून दुधाचाच दात ठाण मांडून बसलाय. दोन वर्षं आमच्या नेहमीच्या डेंटिस्टना विचारतेय, दर वेळी एकच उत्तर, येईल हो, मुलींचे उशिरा येतात. शेवटी वैतागून दुसरीकडे गेले, त्यांनी तोंडात बघायच्या आधी ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्सरे) काढून आणायला सांगितलं. पाचशे रुपये आणि दहा मिनिटांचं काम, जे दोन वर्षं कुणाला सुचलं नाही.

फिल्म उजेडावर धरून त्यांनी पेनाच्या टोकाने एकेक दात मोजून दाखवला. उजवीकडच्या त्या दुधाच्या दाताच्या वर काहीच नाही, कोंबच नाही. डावीकडचा सुळा आहे पण सरळ खाली यायचं सोडून तिरका होऊन टाळूच्या बाजूला गेलाय, त्या तांदळाच्या दाण्याच्या मुळावर चढल्यासारखा दिसतो. आणि बाइटची भानगड वेगळीच. तोंड मिटलं की वरचे दात खालच्यांना पूर्ण झाकून टाकतात, आणि वरचे मधले दोन आत कललेले. रात्री मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं तर वरच्या दातांच्या मागे टाळूवर खालच्या दातांचे बारीक वळ उठलेत, मोजता येतील इतके स्पष्ट. याला क्लास टू डिव्हिजन टू म्हणतात म्हणे.

तर प्रश्न असा की दात कमी म्हणून बाइट बिघडली, की बाइट बिघडलेली म्हणून सुळ्याला वाट मिळाली नाही, की नुसता योगायोग? डॉक्टर म्हणाले, हे बऱ्याचदा एकत्र दिसतं, पण बाहेर पंधरावीस पेशंट ताटकळलेले, मला पुढे विचारता आलं नाही. सासूबाईंचं म्हणणं अंगठा चोखायची म्हणून झालं (चोखायची खरी, अडीच वर्षांची होईपर्यंत). नवरा म्हणतो दहावीनंतर बघू. कुणाला अनुभव असेल तर सांगा ना.

बोरिवली_स्लो

आमची केस उलटी. मुलाला एक दात जास्तीचा निघाला. सातव्या वर्षी वरचा मधला एक दात आला आणि दुसऱ्याचा पत्ताच नाही, नऊ होत आले तरी. एक्सरे काढला तर दोन्हींच्या मध्ये टोकदार असा एक्स्ट्रा दात, तोही उलटा, म्हणजे टोक नाकाच्या दिशेने. मेसिओडेन्स म्हणतात, आणि मुलग्यांमध्ये जास्त सापडतो असं त्यांनीच सांगितलं. भूल देऊन काढला, मग अडकलेला दात आपणहून खाली आला पण वाकडा फिरून, तो सरळ करायला थोडे दिवस तारा लावल्या.

सांगायचा मुद्दा काय की आमच्याकडे दाताचा एवढा घोळ होऊनही बाइट एकदम ठीक आहे, दाढा जिथल्या तिथे बसतात. म्हणजे दात कमीजास्त असला की बाइट बिघडतेच असं काही दिसत नाही. तुमच्याकडे दोन्ही का, ते कुणी जाणकारच सांगेल.

दादरचे_काका

आमच्या वेळी कुणाच्या तोंडात तारा नव्हत्या आणि कुणाची लग्नं अडली नाहीत. माझे स्वतःचे दात एकावर एक चढलेले आहेत, एकसष्टाव्या वर्षी ऊस दाताने सोलून खातो. एका एक्सरेवरून लगेच लाखभराचं पॅकेज गळ्यात मारायचा धंदा आहे हा. दात यायचे तेव्हा येतात.

दातवाला_पीजी

एमडीएस ऑर्थोच्या (दात-बाइट सरळ करायची शाखा) शेवटच्या वर्षाला आहे, ओपीडी आटपून हार्बरने घरी जाता जाता टाइप करतोय, चुका माफ. आणि मी पेशंट बघितलेला नाही हे धरून वाचा.

काका, कोंबच नसलेला दात कधीच येत नाही, ऐंशीव्या वर्षीही नाही. आणि मुलींचे दात उशिरा येतात हेही उलटं आहे, सहसा मुलग्यांच्या आधी येतात. असो.

ताई, तुमचा प्रश्न चांगला आहे आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकात गुंतल्यात. क्लास वन, टू, थ्री ही वाटणी १८९९ साली एडवर्ड अँगल नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने केली, ती सगळी सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेवर उभी आहे. वरची दाढ खालच्या दाढेवर ठरलेल्या जागी बसली आणि बाकी दात वेडेवाकडे असले तर वन, खालची मागे राहिली तर टू, खालची पुढे गेली तर थ्री. दात किती आहेत, कुठला बारीक आहे, कुठला वाट चुकलाय याचा त्यात कुठेच हिशोब नाही. तो हिशोब वेगळा करावा लागतो, म्हणून तर बोरिवलीवाल्यांच्या मुलासारखं होऊ शकतं, दात जास्तीचा आणि दाढा क्लास वनमध्ये.

पण दोन्ही हिशोब एकमेकांत मिसळतात, आणि एका वाटेने नाही. सगळ्यात सोपी वाट म्हणजे दाताचा दोष आजूबाजूला स्वतःच घोळ घालतो. एक लॅटरल (मधल्या दाताच्या बाजूचा) नसला की शेजारचे त्या फटीत सरकतात, मधली रेघ एका बाजूला जाते. लॅटरल बारीक असला तर वरचे सहा दात मिळून खालच्या सहांना पुरे पडत नाहीत. १९५८ साली बोल्टन यांनी याचं गणित मांडलं, आम्ही अजून तेच वापरतो. खालच्या पुढच्या सहा दातांची रुंदी वरच्या सहांच्या ७७.२ टक्के असली की मिळवणी नीट होते. समजा खालचे सहा मिळून ३६ मिलिमीटर भरले तर वरचे साधारण ४६.६ हवेत. ते ४४ च भरले तर अडीच मिलिमीटरची तूट आली, आणि मग तुम्ही कितीही भारी ब्रॅकेट (दातावर चिकटवून तार अडकवायचे ते) लावा, एकतर वर फट राहणार नाहीतर पुढची बाइट नीट बंद होणार नाही. तारेने दात सरकतो, रुंद होत नाही. हे आधी मोजलं नाही तर दोन वर्षांनी ब्रेसेस काढायच्या वेळी लक्षात येतं, आणि मग पेशंट चिडतो, बरोबरच आहे.

दुसरी वाट घराण्यातून येते आणि तुमच्या लेकीत मला तीच जास्त दिसतेय. अक्कलदाढा सोडून एखादा कायमचा दात जन्मतःच नसणं हे शंभरातल्या पाचसहा जणांत सापडतं, बायकांमध्ये थोडं जास्त. गायब होणारे दातही ठरलेले, खालची दुसरी उपदाढ आणि वरचा लॅटरल. एका बाजूचा लॅटरल नाही आणि दुसऱ्या बाजूचा तांदळाच्या दाण्यासारखा, ही जोडी आम्ही इतक्या वेळा बघतो की एक दिसला की दुसरा शोधतोच. एमएसएक्स१, पॅक्स९ अशी जनुकं यात सापडली आहेत. आणि क्लास टू डिव्हिजन टू ही बाइटसुद्धा घराण्यात जोरात चालते, एकसारख्या जुळ्यांमध्ये एकाला असली तर दुसऱ्यालाही असायची शक्यता खूप. त्या पेशंटमध्ये बारीक किंवा गायब लॅटरल आणि टाळूकडे गेलेला सुळा नेहमीपेक्षा जास्त आढळतात. म्हणजे एकाने दुसऱ्याला बिघडवलं असं म्हणण्यापेक्षा दोघं एकाच घरातून निघालेत असं म्हणणं जास्त बरोबर.

आता सुळ्याचं. लोकांना वाटतं जागा नव्हती म्हणून अडकला. गालाच्या बाजूला बाहेर आलेल्या सुळ्याला ते बहुतेक वेळा लागू पडतं, ज्याला आपण हत्तीसारखा दात म्हणतो ना, तो गर्दीमुळे. टाळूकडे गेलेल्याला बहुतेक वेळा जागा भरपूर असते! त्याला आधार नसतो. सुळा फार वरून, जवळजवळ नाकपुडीच्या शेजारून निघतो आणि लॅटरलच्या मुळाला घासत खाली येतो, जसं अंधारात आपण जिन्याचा कठडा चाचपत उतरतो. कठडाच तोकडा किंवा नाहीच, तर माणूस भलत्या मजल्यावर पोचणार. काही जण म्हणतात कठड्याचंच कारण, काही म्हणतात नाही, सुळ्याची दिशाही जनुकांतच ठरलेली. आमच्या विभागात यावरून चहाच्या वेळी अजूनही भांडणं होतात.

आणि अंगठ्याचं सासूबाईंना सांगा, अंगठा चोखून वरचे दात बाहेर ढकलले जातात आणि पुढे फट पडते. लेकीचे आत कललेत आणि झाकून टाकतात. म्हणजे बरोबर उलटं. अंगठा निर्दोष आहे.

क्लास थ्रीत अजून वेगळं चित्र असतं, तिथे बऱ्याचदा वरचा जबडाच तोकडा असतो आणि त्यात वरचेच दात कमी असले की तोकडेपणात भर पडते. पण कुठल्या क्लासमध्ये कुठला दोष किती, याचे आकडे प्रत्येक देशातल्या अभ्यासात वेगळे येतात, त्यात बहुतेक वेळा मोजणी ऑर्थोकडे आलेल्यांचीच असते, म्हणजे ज्यांचं आधीच काहीतरी बिनसलंय त्यांची. त्यामुळे अमुक क्लास म्हणजे अमुक दात गायब असं कुणी छातीठोक सांगितलं तर फार मनावर घेऊ नका.

घाई फक्त सुळ्याची आहे. तो लॅटरलच्या मुळाला आतून झिजवू शकतो, दुखत नाही, कळतही नाही. दहावीपर्यंत थांबायचं प्रकरण नाही हे.

मुलुंडकर_आई

बापरे, एवढं सविस्तर! खूप खूप आभार. अंगठा निर्दोष आहे हे वाक्य मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं, सासूबाई म्हणाल्या तो डॉक्टर अजून शिकतोय ना 😄

काल रात्री मी माझ्या भावाच्या मुंजीचे फोटो काढले. तो हसतोय आणि पुढच्या दोन दातांच्या बाजूला सरळ सुळे. मध्ये असायचे ते दोन्ही लॅटरल नाहीतच! एवढी वर्षं आम्ही त्याला ड्रॅक्युला म्हणून चिडवलं आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही की दात मोजून बघावेत. नवऱ्याला अर्थातच आनंद झालाय, तुमच्याकडचं निघालं म्हणून.

आता दोन प्रश्न. डॉक्टर म्हणतात डावीकडचा दुधाचा सुळा काढून टाकू, कदाचित वरचा कायमचा आपोआप वळेल. हे खरंच होतं का, की दात काढायचा बहाणा? तो दुधाचा दात जराही हलत नाहीये, चांगला भाकरी तोडतो. आणि उजवीकडच्या रिकाम्या जागेचं काय करायचं, फट ठेवून इम्प्लांट (हाडात बसवायचा खोटा दात) की फट बंद?

दातवाला_पीजी

बहाणा नाही. एरिकसन आणि कुरोल या स्वीडिश जोडीने १९८८ साली याच वयाच्या, म्हणजे १० ते १३ वर्षांच्या मुलांत हे करून बघितलं, टाळूकडे गेलेले ४६ सुळे होते, दुधाचा सुळा काढल्यावर त्यातले ३६ आपणहून वाटेवर आले. सुळ्याचं टोक लॅटरलच्या मुळाच्या मध्यरेषेच्या अलीकडे असलं तर निकाल फार चांगला, ९१ टक्के, रेषा ओलांडली असली तर ६४. म्हणून फिल्मवर ते टोक नेमकं कुठे आहे हे विचारा, हा एकच प्रश्न विचारलात तरी चालेल. पण त्या मुलांच्या तोंडात गर्दी नव्हती, ही अट लक्षात ठेवा. आणि साडेअकराला एका बाजूचा दुधाचा सुळा अजिबात हलत नाही हीच खरं तर खूण आहे, वरून कुणी मूळ खायला आलंच नाही म्हणून तो घट्ट.

नाहीच वळला तर हिरडी उघडून सुळ्यावर बटण चिकटवायचं, त्याला बारीक साखळी, आणि तारेने हळूहळू ओढायचा. वर्षभर सहज जातो. जमतं, पण टळलं तर बरं.

रिकाम्या जागेचं आत्ता ठरवू नका. ते बाइट, चेहऱ्याची ठेवण, खालच्या दातांची गर्दी, सुळ्याचा रंग आणि आकार सगळं बघून ठरतं. तिच्यासारख्या खोल बाइटमध्ये आत कललेले दात बाहेर काढताना जागा आपोआप उघडते, मग ती ठेवायची का वापरायची हा विचार होतो. फक्त एक पक्कं, जबड्याची वाढ थांबेपर्यंत इम्प्लांट नाही. इम्प्लांट हाडाला घट्ट जुळतं, शेजारचे दात वाढीबरोबर खाली येत राहतात आणि ते तिथेच राहतं, चार वर्षांनी तो दात आखूड दिसायला लागतो. तोवर रिटेनरवर (दात जागेवर धरून ठेवणारी काढघालीची पट्टी) खोटा दात किंवा मागून चिकटवलेला मेरीलँड ब्रिज.

सुळेवाली

मी तुमच्या लेकीची मोठी आवृत्ती, वय ३४, वरचे दोन्ही लॅटरल जन्मापासून नाहीत. माझी फट बंद केली, म्हणजे सुळे पुढे ओढून लॅटरलच्या जागी आणले, टोकं घासून सपाट केली आणि कडेला कंपोझिट (दाताच्या रंगाचा भराव) लावून आकार दिला. जे कुणी सांगत नाही ते सांगते. सुळा बाकीच्या दातांपेक्षा पिवळट असतो, म्हणून ते दोन ब्लीच करावे लागले. हिरडीची कमान सुळ्यावर थोडी वर असते, मी मोठ्याने हसले तर आरशात मला दिसते, बाकी बारा वर्षांत एकाही मोठ्या माणसाच्या लक्षात आलेलं नाही. लक्षात आलं ते फक्त एका लहान मुलीच्या, लोकलमध्ये समोर बसलेली, म्हणाली आंटी तुमचे दात वाघासारखे आहेत. कंपोझिट एकदा पेरूने उडालं. पण इम्प्लांट नाही, त्याची देखभाल नाही, आणि बाविसाव्या वर्षी विषय संपला.

आणि रिटेनर!! मी सहा महिने कंटाळा केला आणि मधल्या दोन दातांत फट परत आली. आता रात्रीचा रिटेनर म्हणजे देवाला दिवा लावल्यासारखं आहे माझ्याकडे.

दादरचे_काका

बरं, दात नसेल तर येणार नाही हे पटलं. पण खर्चाचं बोला. सगळ्यांना परवडतं का हे.

दातवाला_पीजी

काका, रास्त मुद्दा. सीएसएमटीला सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर डेंटल आहे, दोन्हीकडे ऑर्थोचा विभाग आहे आणि खर्च खासगीच्या मानाने फार कमी. वेळ मात्र जातो, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा, वेटिंग असतं, आणि दर महिन्याला एक हाफ डे टाकायचा.

ताई, धाकटं कुणी आहे का घरात? असेल तर दहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या आतून, हिरडीवर बोट फिरवून बघा. दोन्हीकडे हरभऱ्याएवढा टणक फुगवटा लागला पाहिजे. एका बाजूला लागतो आणि एका बाजूला नाही, तर दाखवून घ्या. नऊला लागला नाही तर घाबरू नका, सहा महिन्यांनी परत बघा. मामाचीही केस आहे म्हटल्यावर धाकट्याची ओपीजी काढली तरी वावगं नाही.

मुलुंडकर_आई

आठ महिन्यांनी परत येतेय, धागा वर काढल्याबद्दल सॉरी, पण विचारून गेले होते तर सांगून जावं.

दुधाचा सुळा काढला. तिने तो काड्यापेटीत ठेवलाय, मूळ अख्खं, बोटाच्या पेराएवढं लांब, मला वाटलं नव्हतं दुधाच्या दाताला एवढं मूळ असतं. परवा नवीन ओपीजी झाली, डॉक्टरांनी जुनी आणि नवी शेजारी धरली. टोक तेव्हा मध्यरेषेच्या जरा पलीकडे होतं, म्हणजे ६४ वाल्यांत आम्ही, आता अलीकडे आलंय आणि सुळा बराच उभा झालाय. अजून हिरडीखालीच आहे. तिच्या हिरडीवर बोट ठेवलं की फुगवटा लागतो, ती दिवसातून दहा वेळा लावून बघते आणि मलाही बघायला लावते. ब्रेसेस जूनमध्ये, आधी बाइट उघडणार, तांदळाच्या दाण्याला नंतर कंपोझिट. टाळूवरचे वळ आहेत अजून.

धाकट्याची पण काढली, दहाचा झालाय. सुळे दोन्ही जागेवर, पण खालची डावी दुसरी उपदाढ नाहीये. दुधाची दाढ सांभाळून ठेवायला सांगितली आहे, चांगली राहिली तर बरीच वर्षं काम देईल म्हणे. सासूबाईंनी मुंजीचा तो फोटो मागून घेतला, चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि परत दिला, काही बोलल्या नाहीत. भावाला म्हटलं तूही एकदा काढून घे ओपीजी, तर म्हणतो, आता एक्केचाळिसाव्या वर्षी नसलेल्या दाताचा फोटो काढून काय करू.